जमीन मिळाली, पण कणगी कुठवर पुरते?

अभ्यासपाठ
वाचनासाठी शास्त्रभाग : लेवीय २५:१–३४, गणना २७:१–११, २ इतिहास ३६:२०–२१



जुन्या वाचकांना आठवत असेल, काही वर्षांपूर्वी याच वार्तापत्रात माझा एक वृत्तांत छापून आला होता. जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या कुटुंबांना वनहक्क कायद्याखाली जमिनीची प्रमाणपत्रे मिळाली, त्याविषयी तो होता. सोबत फोटोही होता. ओळीने उभी माणसे, प्रत्येकाच्या हातात लॅमिनेशन केलेला कागद, आणि कडेला मी. तो वाचून अनेकांनी पत्रे पाठवली. दोन मंडळ्यांमध्ये कृतज्ञतेची उपासना झाली. पुढच्या वर्षी देणग्याही वाढल्या. किती दावे मंजूर झाले, मिळून किती एकर जमीन झाली, हे सगळे मी त्यात लिहिले होते. खोटे काहीच नव्हते. तरी तो वृत्तांत अपुरा होता, हे मला कळायला बरीच वर्षे लागली.

गेल्या जानेवारीत मी पुन्हा त्या पाड्यावर गेले. फोटोतल्या निम्म्याहून अधिक घरांना बाहेरून ताटी बांधलेली होती. माणसे दिवाळीनंतरच वीटभट्ट्यांवर गेली होती, कोणी भिवंडीकडे, कोणी वसईकडे. लहान मुले बरोबरच गेली होती. एका घरात एक म्हातारे बाबा आणि त्यांची बायको होती. बाबांनी मला ओळखले. आत जाऊन पत्र्याची पेटी उघडली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले प्रमाणपत्र आणून माझ्या हातात दिले. कागद जसाच्या तसा होता, कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता. मग ते मला शेत दाखवायला घेऊन गेले.

शेत उतारावर आहे. वरच्या अंगाला कातळ उघडा पडला होता. कापलेल्या नागलीचे बुडखे विरळ आणि बारीक होते. मी विचारले, “बाबा, माती कुठे गेली?” त्यांनी हाताने खाली दाखवले. “खाली गेली ताई. त्यांच्या भातात.”

परत आल्यावर मी आजींना विचारले, की यंदाची नागली कुठवर पुरेल? त्या चुलीजवळून म्हणाल्या, “होळी नाही बघत.”

हा पाठ लिहिताना त्या दोन उत्तरांपाशीच मी अडून बसले आहे. आमच्या अहवालाच्या तक्त्यात मातीला रकाना नव्हता आणि होळीलाही नव्हता.

कागद मोजण्याची सवय

ही सवय आमच्या संस्थेपुरती नाही. आपल्या राज्यात जमीन सुधारणेचा हिशोब बहुतेक वेळा कागदांच्या संख्येनेच झाला आहे. आजच्या पालघर जिल्ह्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, १९४५ साली वारली माणसे वेठबिगारीविरुद्ध उठली. गोदावरी परुळेकरांनी त्या उठावाची हकिकत लिहून ठेवली आहे. नंतर १९४८ चा कुळकायदा आला. त्याच्या पुढच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. ‘कसेल त्याची जमीन’ हे शब्द आपल्या आजोबांच्या पिढीने मोठ्या आशेने ऐकले.

पण कायद्याची चाल बघा. जमिनीची किंमत ठरवायला कुळाने न्यायाधिकरणापुढे हजर राहायचे होते. तो आला नाही, किंवा घ्यायची नाही म्हणाला, तर खरेदी निष्फळ ठरे. ज्याला नोटीस वाचता येत नाही, तालुक्याला जायचा पूर्ण दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि ज्याच्यासमोर मालक उभा आहे, त्याने तिथे काय बोलायचे? दुसरे म्हणजे, कूळ असल्याची नोंदच नसेल तर तो कूळ नव्हताच. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी कुळकायद्याच्या अंमलाची पाहणी करून १९५७ साली अहवाल प्रसिद्ध केला. मालकांनी जमिनी परत घेतल्याची आणि कुळांनी ‘आपखुशीने’ सोडून दिल्याची प्रकरणे त्यांना मोठ्या प्रमाणावर आढळली. कायद्याच्या पुस्तकात कुळाला संरक्षण होते, आणि त्याच वेळी शेतावरून कूळ नाहीसे होत होते. या दोघांनी शेतापर्यंत जाऊन विचारले म्हणून ते कळले.

पुढे १९७४ साली सरकारला आणखी एक कायदा करावा लागला. आदिवासींच्या हातून बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याचा. त्यात कोणता काळ धरला आहे? १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४. म्हणजे ज्या दिवशी कूळ मालक झाले, त्याच दिवसापासून जमीन हातातून गेल्याचा हिशोब सुरू होतो. मला या दोन तारखा एकाच ओळीत वाचताना दर वेळी थांबावे लागते.

विनोबांच्या भूदानाची गोष्ट वेगळी आहे, तिथे कोणाची जबरदस्ती नव्हती. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला पहिले शंभर एकर मिळाले आणि आपल्या रायगडातल्या गागोद्याचा हा माणूस देशभर चालत राहिला. पण तिथेही आकडा एकरांचा होता. दान मिळालेली जमीन आणि भूमिहीनाच्या हाती खरोखर पडलेली जमीन यांत मोठे अंतर राहिले. काही जमीन खडकाळ निघाली, काही तंट्यात अडकलेली. दान मोठे होते, पण त्या जमिनीत काय पिकते हे पाहायला पुष्कळ ठिकाणी मागे कोणी राहिले नाही.

मी हे दोष काढायला लिहीत नाही. आम्हीही तेच केले. फोटो काढला आणि पुढच्या पाड्यावर गेलो.

शास्त्र काय मोजते?

धर्मज्ञानाच्या पदविकेसाठी शिकत असताना लेवीय २५ वर मी परीक्षेत उत्तर लिहिले होते. योबेल वर्ष, पन्नासावे वर्ष, सुटका, आणि त्यावरून ख्रिस्ताच्या कार्याकडे. गुण चांगले मिळाले. पण त्या अध्यायात शेतीचा हिशोब किती आहे, ते मला पाडे फिरू लागल्यावर दिसले.

पंधराव्या आणि सोळाव्या वचनांपाशी थांबा. तिथे जमिनीची किंमत एकरावर ठरत नाही. योबेलपर्यंत किती पिके निघणार, त्यावर ठरते. वर्षे जास्त असतील तर किंमत जास्त, कमी असतील तर कमी, कारण जे विकले जाते ते पिकांचे पीक असते, जमीन नव्हे. जमीन परमेश्वराची आहे, म्हणून ती कायमची विकायची नाही. तुकडा किती मोठा, हा प्रश्न तिथे दुय्यम आहे. त्या तुकड्यातून घरात किती वर्षे अन्न येईल, हा प्रश्न पहिला.

आणि त्याआधीच, अध्यायाच्या अगदी सुरुवातीला, सातव्या वर्षाची विश्रांती आहे. म्हणजे वाटप आणि मातीची काळजी हे दोन वेगळे कायदे नाहीत. एकाच अध्यायात, एकाच दमात सांगितलेले आहेत. आपण मात्र वाटप ‘न्याय’ या विषयात घालतो आणि माती ‘पर्यावरण’ या विषयात, आणि दोन्हींसाठी वेगवेगळ्या रविवारी वेगवेगळे वक्ते बोलावतो.

जाता जाता एक गोष्ट. त्याच अध्यायात तटबंदीच्या नगरातल्या घराला योबेलचा नियम लागू नाही. वर्षाच्या आत सोडवले नाही तर ते घेणाऱ्याचे कायमचे होते. आपण फ्लॅटमध्ये राहणारे लोक मालमत्ता म्हटले की घराचा विचार करतो. नियमशास्त्र पोट भरणाऱ्या जमिनीला वेगळे धरते.

हा नियम इस्राएलाने खरोखर किती पाळला? योबेल वर्ष पाळल्याची स्पष्ट हकिकत शास्त्रात कोठेही सांगितलेली नाही. उलट २ इतिहास ३६:२१ मध्ये, लोक बाबेलात नेले गेल्यावर देश ओसाड पडला तेव्हा जमिनीने आपले राहिलेले शब्बाथ भोगले असे म्हटले आहे. याजकांची, राजांची, नोंदी ठेवणाऱ्यांची साक्ष तिथे घेतलेली नाही. न दिलेल्या विश्रांतीचा हिशोब जमिनीनेच ठेवला होता. बाबांच्या शेतातला कातळ पाहताना मला हे वचन आठवले, आणि तो कातळ काही अंशी आमच्या कामाचाही अहवाल आहे असे वाटले.

पडीक ठेवण्याची भीती

बाबांच्या शेतातली माती का गेली, हे नीट समजून घेऊ, कारण शहरातल्या वाचकाला वाटेल की म्हाताऱ्याने शेताकडे लक्ष दिले नाही.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. भाताची खाचरे खाली, ओहोळाच्या कडेला. उतारावर वरकस जमीन. या वरकस जमिनीची जुनी रीत अशी, की पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी किंवा उडीद, आणि मग काही वर्षे ती पडीक सोडायची. पडीक काळात गवत, झुडपे वाढतात, मुळे माती धरून ठेवतात. लेवीय न वाचलेल्या माणसांनी हा नियम पिढ्यानपिढ्या पाळला होता.

तो मोडला कसा? जागा कमी झाली हे एक कारण. पण दुसरे कारण बोचणारे आहे. जंगलात मोडणाऱ्या जमिनीवर कसणारा माणूस अतिक्रमण करणारा समजला जाई. अशा माणसाने शेत तीन वर्षे पडीक सोडले तर तिथे रोपे लागतील आणि परत नांगर घालता येणार नाही, ही भीती. म्हणून दर वर्षी नांगरायचे. झाड लावायचे नाही, कारण झाड मोठे झाले की जागा जंगलाची ठरेल. आलेले रोप उपटायचे. आपला कब्जा दाखवण्यासाठी माणसे स्वतःचीच जमीन झिजवत राहिली.

मग २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी जमीन आदिवासी कुटुंब स्वतः कसत होते, ती चार हेक्टरच्या मर्यादेत त्याच्या नावे मान्य करायची. ती वारसाने जाते, पण विकता येत नाही. ग्रामसभेपुढे दावा करायचा, पुरावे द्यायचे. गंमत म्हणा की देवाचा न्याय म्हणा, पूर्वी अतिक्रमणाबद्दल भरलेल्या दंडाच्या पावत्याच कब्जाचा पुरावा ठरल्या. ज्यांनी त्या जपून ठेवल्या होत्या त्यांचे दावे सोपे गेले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो माणसे पायी चालत आली, तेव्हा त्यांच्या मागण्यांत हे वनहक्काचे कागद ठळकपणे होते. म्हणून कागदाला मी हलका म्हणणार नाही. रात्री शेतात गुरे घातली जातील, सकाळी कोणी हाकलून लावील, ही धाकधूक त्या कागदाने संपते.

पण कागद येईपर्यंत माती गेलेली होती. शिवाय एकरांत मागितलेली जमीन अनेकांना गुंठ्यांत मिळाली. तेवढ्या तुकड्यात पडीक काय सोडणार? फिरती शेती एका जागी खिळली, तेच शेत दर वर्षी नागलीखाली राहिले, आणि उतारावर बांध घालायला कोणी आले नाही. आम्हीही नाही. दावा मंजूर झाला, आमचे काम ‘पूर्ण’ झाले.

बाबांच्या शेजारच्या एका घराने जमीन एका नातलगाकडे गहाण टाकली आहे. कायद्याने विकता येत नाही, पण लग्नासाठी घेतलेली उचल फेडेपर्यंत पीक तो घेतो. त्याची कोठेही नोंद नाही. आमच्या यादीत ते कुटुंब आजही ‘लाभार्थी’ आहे.

ओहोळाकाठचे शेत

त्याच पाड्यावर, त्याच फोटोतल्या एका बाईचे शेत मात्र मी पाहतच राहिले. प्रमाणपत्रानंतर तीन वर्षांनी तिचा नवरा वारला. दिवसकार्य झाल्यावर दीर म्हणाला, “वहिनी, शेत आमच्या घराण्याचं. तू पोरं घेऊन माहेरी जा.” तिने पेटीतून कागद काढला आणि पाड्याच्या बैठकीत नेला. शाळेत जाणाऱ्या पुतण्याने तो मोठ्याने वाचला. त्यावर दोन नावे होती. कायदाच तसा आहे, विवाहित असतील तर नवरा-बायको दोघांच्या नावे. दिराने पुन्हा विषय काढला नाही. हल्ली तोच तिचा नांगर धरतो.

सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेपुढे उभ्या राहिल्या. आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचे नाव का मिटावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे म्हणणे रास्त आहे असा निर्णय आला. आपण हा भाग सहसा ‘स्त्रियांच्या रविवारी’ वाचतो. तो खरे तर जमिनीच्या नोंदीचा खटला आहे. त्याचा दुसरा भाग गणना ३६ मध्ये आहे. तिथे वतन दुसऱ्या वंशाकडे जाऊ नये म्हणून बंधन घातले आहे. आपल्याकडे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे जाऊ नये असे बंधन आहे, त्याच्याशी ते ताडून पाहा. आणि हेही लक्षात ठेवा, की मुलींना समान वाटा देणारा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. तिथे रूढी चालते. म्हणून त्या एका कागदावरच्या दुसऱ्या नावाचे मोल मोठे.

तिच्या शेताकडे परत येऊ. वरच्या अंगाला दगडी बांध आहे. पाड्यातल्या बायकांच्या गटाने दोन उन्हाळे दगड वाहून एकमेकींच्या शेतांत असे बांध घातले. बांधाच्या आत माती साठली आहे, मी हात घालून पाहिली. आंब्याची आणि काजूची कलमे लावलेली आहेत आणि त्यांच्यामधून नागली. ही ‘वाडी’ची पद्धत आपल्या शेजारीच, गुजरातच्या वांसदा भागात बायफ संस्थेने १९८२ च्या सुमारास सुरू केली, पुढे नाबार्डच्या मदतीने ती अनेक आदिवासी तालुक्यांत गेली. खाली ओहोळाजवळ मोगऱ्याच्या ओळी आहेत. पहाटे कळ्या खुडायच्या आणि मुंबईच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीत द्यायच्या. तिला विचारले, “कणगी कुठवर पुरते?” म्हणाली, “पाऊस पडेपर्यंत पुरते. मग उसने नाही आणावे लागत.”

आता मला हे यश आपले म्हणून सांगता येईल का? कलमे आम्ही दिली नव्हती. दुसऱ्या एका कार्यक्रमातून आली, आणि त्या कार्यक्रमाचा माणूस पाच वर्षे येत राहिला. बांधाचे दगड बायकांनी वाहिले. आणि तिचे शेत ओहोळाच्या कडेला आहे, बाबांचे डोंगराच्या खांद्यावर. बाबांनी तिच्याइतकेच कष्ट केले असते तरी मोगरा झाला नसता, पाणीच नाही. त्याच पाड्यावर आणखी दोन घरांच्या वाड्या तिसऱ्या उन्हाळ्यात वाळून गेल्या. आमच्याकडून तिला एक गोष्ट मिळाली. दावा भरताना तिचे नाव गाळू दिले नाही. तेवढे मात्र आमचे.

आणि तीही द्राक्षांच्या हंगामात महिना-दोन महिने नाशिककडे मजुरीला जाते. मुले आश्रमशाळेत असतात, म्हणून ती बरोबर जात नाहीत. हे लपवून तिची गोष्ट सांगितली तर पुन्हा तोच जुना फोटो होईल.

मग यश कशाने ओळखावे?

मी पाड्यावरच्या मोठ्या माणसांना हेच विचारले. त्यांनी एकही आकडा सांगितला नाही. धान्य कोणत्या सणापर्यंत पुरते, दिवाळीनंतर किती घरांना ताटी लागते, विहीर कोणत्या महिन्यात आटते, पुढच्या वर्षीचे बी घरचे की दुकानातले, एवढेच त्यांनी सांगितले. एक म्हातारी म्हणाली, “शेतात आंबा लावलाय का बघ. उद्या हाकलतील असं वाटतं तो आंबा नाही लावत.” ही खूण मला सर्वांत नेमकी वाटते. फळाला चार-पाच वर्षे लागणारे झाड कोणी लावले असेल तर कागदावर त्याचा खरोखर विश्वास बसला आहे.

या खुणांचा एक गुण असा, की त्या एकदा पाहून चालत नाहीत. एका जानेवारीत ताटी कमी दिसल्या तर पाऊस चांगला झाला असेल. पाच जानेवारी पाहाव्या लागतात. जमिनीच्या कामाचा निकाल आमच्या आर्थिक वर्षात लागत नाही, हे देणगीदारांना सांगायला आम्ही घाबरतो. मी घाबरत होते, हे आज लिहिते आहे.

आणखी एक गोष्ट गडचिरोलीकडून शिकण्यासारखी आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार गावाकडे आला. पण तिथे कागद येण्याच्या खूप आधीपासून ग्रामसभा एकमताने निर्णय घेत होती, अभ्यासगट चालवत होती, जंगलाचे नियम स्वतः ठरवत होती. कागद आला तेव्हा तो पेलणारे हात तयार होते. आमच्या पाड्यावर आम्ही एकेका घराचा दावा भरला. वरच्या माळाचा, जिथून पाणी आणि माती खाली येते, सामूहिक दावा भरायचा विचारच केला नाही. बाबांचे शेत वाचवायचे तर त्याच्या वरचा उतार आधी वाचवायला हवा होता. सलग समतल चर एकट्याच्या शेतात खणून भागत नाही.

आमच्यापुढचा प्रश्न

गेल्या बैठकीत मी असे मांडले, की पुढची दोन वर्षे नवे दावे थांबवावेत आणि त्याच पैशात जुन्या चार पाड्यांवर बांध, चर आणि सामूहिक दाव्याचे काम करावे. अहवालात दर जानेवारीच्या नोंदी द्याव्यात. समितीतल्या एका ज्येष्ठ बंधूंनी प्रामाणिकपणे विचारले, “ताई, मग यंदा आपण लोकांना काय दाखवायचं?” माझ्याकडे तयार उत्तर नव्हते.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. पलीकडच्या डोंगरावरच्या एका पाड्याला आम्ही गेल्या पावसाळ्यात शब्द दिला होता, की तुमचे दावे भरू. तिथला एक तरुण दर आठवड्याला फोन करतो. त्याच्याही आजोबांच्या दंडाच्या पावत्या आहेत, त्यांना वाळवी लागते आहे. आम्ही जुन्या पाड्यांवर थांबलो तर तो वाट पाहील. त्याच्याकडे गेलो तर बाबांच्या शेतातली उरलेली माती यंदाच्या पावसात खाली जाईल. दोन्हींना पुरतील एवढी माणसे आमच्याकडे नाहीत. माझे मत अजूनही जुन्या पाड्यांवर थांबण्याचे आहे. त्या तरुणाच्या पावत्यांच्या नकला काढून, पाड्यातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून ठेवण्यापुरता एक माणूस तिकडे पाठवावा, असेही मी सुचवले आहे. निर्णय वार्षिक सभेत होईल. सभेला येणाऱ्यांनी हा पाठ वाचून यावे, म्हणून तो या अंकात घातला आहे.

गटात चर्चेसाठी

लेवीय २५:१५–१६ मोठ्याने वाचा. आपली मंडळी ज्या कामांना देणगी देते, त्यांचा अहवाल ‘पिकांच्या वर्षांनी’ मागायचा ठरवला तर आपण कोणते प्रश्न विचारू? पाच वर्षे आकडा मिळणार नाही असे कोणी सांगितले, तर आपण त्या कामाबरोबर राहू का?

पलीकडच्या पाड्यावरच्या तरुणाला तुम्ही काय उत्तर द्याल? त्याच्या जागी स्वतःला ठेवून बोला.

गणना २७ वाचल्यावर आपल्या घरचाही सातबारा काढून पाहा. आपल्यापैकी पुष्कळांची गावाकडे जमीन आहे. बहिणींची नावे त्यावर आहेत का, की कधी तरी हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घेतल्या गेल्या? आणि ती जमीन आज कोण कसते, त्याच्या घरातले धान्य कोणत्या सणापर्यंत पुरते, हे आपल्याला ठाऊक आहे का?